कोरडी धोंडी

अप्पांना मी बसलेलं पाहिलं ते एकाच कामासाठी, भांड्यावर नाव घालायला. एरवी हा माणूस कायम पळत असायचा. दुकानातून घरी जेवायला पळत, देवळात पळत, बाजारात पळत. कुणाच्या मयतीलासुद्धा पळत जात आणि तिथं पोचल्यावर चार माणसांबरोबर हळू चालायची वेळ आली की त्यांच्या पायांची अशी काही तगमग व्हायची, की आम्हा पोरांना हसू दाबता दाबता पुरेवाट होई. अंगात बंडी, खाली गुडघ्यापर्यंत खोचलेलं धोतर, गळ्यात लिंगाची चांदीची डबी आणि चपला हातात. "पायात घालून पळलं की चप्पल झिजती. हातात धरलं की कायबी झिजत न्हाई," असं त्यांचं गणित होतं. पाय झिजतात त्याचं काय, असं विचारायची कुणाची टाप नव्हती.

चाकूरला आमच्या घराच्या भिंतीला भिंत लावून त्यांचं घर आणि पुढच्या बाजूला त्यांचं भांड्यांचं दुकान. माझे वडील शाळेत शिक्षक. आमच्या घरात बोलणं मोजकं, हसणं त्याहून मोजकं. त्यामुळे मी पडीक अप्पांच्या दुकानात. गिऱ्हाइकानं घागर उचलली की अप्पा ती बोटाच्या पेरानं वाजवत, कान लावून ऐकत आणि मगच देत. नाव घालायला बसले की विचारत, "नाव कुणाचं?" बायका नवऱ्याचं सांगत. अप्पा मान वर न करता म्हणत, "पाणी कोण भरतंय?" बाई लाजून पदर सारखा करी. "मंग नाव बी तिचंच," म्हणत अप्पा टक टक टक करून तिचं नाव घालून मोकळे! पुढे विजेचं यंत्र आलं, टक टकच्या जागी कर्र कर्र आलं, पण हा नियम बदलला नाही. आमच्या आळीत मालकीचं काहीच नसलेल्या कितीतरी बायकांच्या नावावर निदान एक तांब्या तरी होता.

अप्पांची बायको अक्का. ती दुकानाच्या मागच्या दारात बसून नवऱ्याचा हिशेब, शेजारणींची भांडणं आणि आमचे लाड हे सगळं एकदम सांभाळायची. तिची जीभ धारेची. अप्पा पळत घरात शिरले की म्हणायची, "आलं का वारं? बसा आता घटकाभर, न्हाईतर पत्रे उडतेल." अप्पा हसत आणि उभ्या उभ्या पाणी पिऊन परत पळत.

आता धोंडीचं सांगते. पाऊस रुसला की आमच्याकडे धोंडी काढतात. एकाला लिंबाच्या डहाळ्यांनी डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळायचं आणि दारोदार न्यायचं. मागून पोरं गाणं म्हणत पाऊस मागतात, घरातली बाई बाहेर येते आणि धोंडीच्या डोक्यावर पाणी ओतते. बहुतेक गावांत हे काम एखाद्या पोराच्या गळ्यात घालतात. आमच्याकडे मात्र चांगला बायकोचा नवरा असलेला दुकानदार धोंडी व्हायचा. त्याला कारण होतं. लातूर जिल्हा नवा झाला त्या साली पावसानं दडी मारली होती. लोक नव्या जिल्ह्याचे पेढे खात होते आणि आभाळाकडं बघत होते. तेव्हा तरुण अप्पा कट्ट्यावर बोलून गेले, "आपुन उस्मानाबादातून निगालो हे पावसाला कुठं ठावं हाय? त्यो जुन्याच पत्त्यावर जायलाय. त्याला नवा पत्ता सांगाय पायजे." लोक म्हणाले, मग सांगा तुम्हीच. अप्पांनी तिथल्या तिथं लिंबाचे डहाळे अंगाला बांधून घेतले आणि सगळं गाव पळत पालथं घातलं. मी तेव्हा लहान होते, पण ते हिरवं झुडूप आमच्या दारातून धावत गेलेलं मला अजून दिसतं. त्याच संध्याकाळी असा पाऊस कोसळला, की अप्पांचं दुकानसुद्धा गळलं. झालं! तेव्हापासून आभाळ कोरडं राहिलं की गाव म्हणे, अप्पाला सांगा.

आणि अप्पांनीही ते मनावर घेतलं. त्यांनी धोंडीचे स्वतःचे कायदे केले. धोंडीबरोबर काठीला बेडूक बांधतात. अप्पा म्हणाले, मुक्या जिवाला कशाला तरास? म्हणून अक्कानं हिरव्या खणाचा, आत कापूस भरलेला बेडूक शिवला, मण्यांचे डोळे लावले. धोंडीनं तोंडानं पाणी मागायचं नाही, नुसतं दारात मान वाकवून उभं राहायचं. पाणी प्यायचंही नाही. शेवटचा तांब्या आपल्या दारात, अक्काच्या हातचा. आणि सगळ्यात मोठा कायदा म्हणजे अंगावरचा पाला कोरडा असताना सोडायचा नाही. "सोंग घेतलं की मागणं आलं, न् मागणं आलं की मिळल्याबिगर सोंग उतरायचं न्हाई," असं ते म्हणत. प्रत्येक वेळी पाऊस आला असं नाही. पण गावानं आपलं काम केलं, धोंडीनं आपलं केलं, आता पुढचं वरच्याचं, असं म्हणून लोक निवांत झोपायचे.

मग ते भयंकर वर्ष आलं. माझं लग्न होऊन मी हैदराबादला संसारात बुडालेली, तरी फोनवर गावाचा घसा कोरडा पडलेला ऐकू येई. अप्पांचं दुकान मात्र जोरात चाललं होतं. टँकर आला की लोकांना जास्तीची घागर हवी, ड्रम हवा, पातेलं हवं. लोक चेष्टेनं म्हणत, "अप्पा, तुमची दिवाळी हाय बाबा!" अप्पांना ते लागायचं. ते घागर वाजवत आणि म्हणत, "ह्यात भरायला न्हाई तर कशाला नेता, माय? लई वाजायलीय ही." आपलं गिऱ्हाईक असं परत पाठवणारा दुकानदार मी दुसरा पाहिला नाही. अक्का कपाळाला हात लावायची.

श्रावण निम्मा गेला तरी थेंब नाही. गावानं अप्पांना सांगितलं. अप्पांचं वय झालं होतं, तरी पाला बांधला, बेडूक घेतला आणि निघाले. पहिलंच दार शेवंताबाईचं. शेवंताबाई समोरच राहायची. दर धोंडीला ती घागरभर पाणी ओतायची आणि वर म्हणायची, "धोंड्या, न्हाऊन घे, वर्सातून एकदाच न्हातूस." त्या दिवशी तिनं दारात येऊन रिकामी घागर पालथी करून दाखवली. घागरीवर तिचं नाव होतं, अप्पांच्याच हातचं. "टँकर तीन रोज झाले आला न्हाई, अप्पा. लेकराला बाटलीत थोडं ठेवलंय. ते ओतू का? सांगा, ओतते," म्हणाली आणि रडायला लागली. अप्पा मान वाकवून उभे होते ते तसेच मागं फिरले. पुढच्या एका दारीही गेले नाहीत. आपल्याच दारात अक्का तांब्या घेऊन उभी होती, तिलाही हातानंच नको म्हणाले. गावानं पाणी दिलं नाही तर घरचं कशाला, असं त्यांचं म्हणणं. संध्याकाळपर्यंत पाला अंगावर तसाच वाळला आणि आपोआप गळून पडला. धोंडी कोरडी गेली. असं कधीच झालं नव्हतं. त्या रात्री अप्पा जेवले नाहीत, आणि दुसऱ्या दिवसापासून म्हणायला लागले, "आता येत न्हाई पाऊस. म्या कोरडा उतरलो. माज्यामुळं न्हाई येत."

मी फोनवर समजूत घालत होते. "अप्पा, असं कुठं असतं का? सगळ्या मराठवाड्यात पाऊस नाही. नांदेडात नाही, लोह्याला नाही. तुम्ही काय नांदेडची पण धोंडी आहात का?" ते हूं हूं करत. म्हणून विषय बदलायला मी आमच्या ह्यांचं कौतुक सुरू केलं. आमच्या ह्यांना तेव्हा पळायचं वेड लागलेलं. चपलेपेक्षा भारी मोजे घालून पहाटे पळायचे. पुढच्या रविवारी इथं मोठी मॅरेथॉन आहे म्हटलं, हजारो लोक पळतात, काही तर गंमत म्हणून सोंगं घेऊन पळतात. आणि थोड्या थोड्या अंतरावर पाण्याची टेबलं. लोक दोन घोट पितात आणि बाटली रस्त्यावर टाकून पुढे जातात.

मग अप्पा हळूच म्हणाले, "सोंगं घेऊन पळत्यात? न् पाणी रस्त्यावर?"

शनिवारी सकाळी दार उघडलं तर अप्पा! लातूर रोड स्टेशनात गाडीत बसून आलेले, काखेत पिशवी, पिशवीत खणाचा बेडूक. मी कपाळावर हात मारून घेतला. आमचे हे मात्र खूश. त्यांच्या ऑफिसातला एक जण ऐनवेळी गळाला होता, त्याचा नंबर त्यांनी अप्पांना देऊन टाकला. संध्याकाळी आमच्या सोसायटीतल्या लिंबाचे डहाळे तोडताना वॉचमननं अप्पांना पकडलं. अप्पा त्याला हिंदीत समजावत होते, "बारिश बुलाने का है भई, चोरी का नक्को समझो." वॉचमन बिदरकडचा निघाला. त्यानं स्वतः शिडी आणून दिली.

रविवारी पहाटे मैदानात जो बाजार भरला होता तो बघून माझेच डोळे फिरले. एक जण कागदाचा चारमिनार घालून, एक नवरदेव होऊन, एक केळं होऊन, आणि एक भला मोठा पांढरा दात होऊन आलेला, दातातून फक्त तोंड बाहेर. त्यांच्यात आमचं लिंबाचं झाड, छातीवर नंबर. अप्पा एकेका सोंगापाशी जाऊन गंभीरपणे चौकशी करत होते. दाताला विचारलं, "तुमचा दात दुखायलाय का?" तो मराठीच होता बिचारा. म्हणाला, "नाही आजोबा, मी डेंटिस्ट आहे. लोकांनी दात घासावेत म्हणून." अप्पांना पटलं. "बरं मागणं हाय," म्हणाले. मग केळ्याकडे गेले. केळं म्हणालं, ऐसेच, मजा. अप्पांना काही कळेना. "मागणं कायबी न्हाई?" त्यांनी मला विचारलं. "नाही अप्पा, नुसती मजा." ते केळ्याकडे दयेनं बघत म्हणाले, "मंग उतरा म्हणावं की. उकडायलं आसंल लेकराला."

शर्यत सुटली. मी अप्पांच्या चपला हातात घेऊन शेवटच्या वळणाशी जाऊन उभी राहिले. पुढे काय झालं ते आमच्या ह्यांनी नंतर सांगितलं, कारण ते भारी बूट घालूनसुद्धा अनवाणी अप्पांच्या मागेच होते. पहिलं पाण्याचं टेबल आलं तसे अप्पा थांबले आणि मान वाकवून उभे राहिले. कॉलेजच्या पोरांनी ग्लास पुढे केला, "अंकल, पियो ना!" अप्पा मान हलवून नाही म्हणाले आणि तसेच उभे. पोरांना वाटलं, अंकल पोज देतायत. त्यांनी फोटो काढले. दुसऱ्या टेबलाशी तेच, तिसऱ्याशी तेच. कुणी पाठ थोपटली, कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी पाल्यातली एक काडी दात घासायला काढून घेतली. आमच्या ह्यांनी एक बाटली उघडून ओतायला धरली तर अप्पांनी हात धरला. "तुमी घरचे हाव, जावाईबापू. तुमचं कसं चालंल?" आजूबाजूला बाटल्यांतून पाणी वाहतंय, आणि हा माणूस कोरडाच!

वळणावर ते दिसले तेव्हा मला रडूच आलं. पाय लंगडत होता, पाला उन्हानं मलूल झाला होता. लोक हसत होते आणि अप्पांच्या तोंडावर तेच, त्या दिवशी शेवंताबाईच्या दारातून परत फिरताना असेल तेच. माझ्या शेजारी फुटपाथवर एक म्हातारी हार-गजरे विकत बसली होती, फुलांवर शिंपडायला पाण्याची बादली जवळ. तिनं डोळ्यांवर हात धरून बघितलं. काठीवरचा बेडूक दिसला, लिंब दिसला, आणि ती ताडकन उठली. "कप्पतल्ली! कप्पतल्ली वच्चिंदि!" असं ओरडत बादली उचलून रस्त्यात धावली. तिकडच्या खेड्यांतही कप्पतल्ली, म्हणजे बेडूकआई, निघते, लिंब बांधून, पावसासाठी. मला तोवर ठाऊकही नव्हतं. अप्पांना तेलुगू कळत नव्हतं, पण बाई बादली घेऊन येतेय एवढं कळलं. ते थांबले, मान वाकवली. म्हातारीनं बादली ओतली. पलीकडची भाजीवाली आली, तिनं तांब्या ओतला. आणखी दोघी आल्या. अप्पांच्या नाकातोंडातून पाणी, डोळ्यांतून पाणी. मग त्यांनी दोन्ही हात वर करून अशी काही उडी मारली, की मागून येणारा दात त्यांच्यावर आदळला.

दुपारी आमच्याकडे जेवताना आभाळ भरून आलं. आणि जो पाऊस लागला म्हणता! अप्पा गॅलरीत उभे राहून अक्काला फोन करत होते. "आला का?" "काय?" "पाऊस!" "न्हाई ओ. ऊन हाय." घटकेनं परत फोन. "आता?" "आता बी ऊनच." संध्याकाळी आमच्या गल्लीतून पाणी वाहत होतं आणि चाकूरला ऊनच. शेवटी अक्कानं तिकडून ठणकावलं, "धोंडी तितं भिजवली, मंग पाऊस तितंच पडंल की! पत्ता कुणाचा दिलाव?"

अप्पा खाली बसले. नाव घालायचं काम नसताना ते बसलेले मी पहिल्यांदाच पाहिले. जी पाणी भरते तिचंच भांड्यावर नाव, तसा जो पाणी ओततो त्याच्याच गावाला पाऊस, हा तर त्यांचाच कायदा. आयुष्यभर ज्यानं पावसाला पत्ता सांगितला, त्यानं ह्या वेळी चुकीचा सांगितला.

गावात गोष्ट आधी चेष्टेत गेली. कट्ट्यावर म्हणत, अप्पा, हैदराबादवाल्यांनी सत्कार केला का न्हाई? पण हिवाळा गेला, नद्यांत वाळू उरली, विहिरी तळाला गेल्या, तशी चेष्टा आंबली. टँकरपाशी भांडणं लागली. एकदा रांगेत शेवंताबाईच अप्पांना बोलली, "आमचा पाऊस परगावाला देऊन आलाव तुमी." बोलली आणि तोंडाला पदर लावला म्हणतात. त्यानंतर एक दिवस अक्काचा फोन आला. तिचा आवाज कधी नव्हे तो मऊ होता. म्हणाली, "बाई, हे चालायलेत गं." मी म्हटलं, म्हणजे? "म्हंजे पळत न्हाईत. दुकानातून घरी चालत आले आज. पायात चपला घालून."

लातूरला रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली त्या उन्हाळ्यात अप्पा गेले. दुकानात भांड्यावर नाव घालत होते, यंत्र चालूच राहिलं, मान खाली गेली. मी पहिल्या गाडीनं गेले. त्यांच्यात, लिंगायतांत, माणसाला आडवं नेत नाहीत, बसवून नेतात. अप्पांना अंगणात भिंतीला टेकवून बसवलं होतं, मान थोडी वाकलेली. अक्कानं कुठून तरी राखून ठेवलेली एक घागर आणली. जंगमस्वामी म्हणाले, माय, पाण्याची अवस्था सगळ्यांना ठाऊक आहे, नुसतं ओल्या फडक्यानं पुसलं तरी चालेल, विभूती लावू.

अक्का काही बोलायच्या आत समोरचं दार वाजलं. शेवंताबाई आली. हातात तांब्या, काठोकाठ, एक थेंब सांडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरलेला. कुणाला न विचारता ती अप्पांपुढं आली आणि डोक्यावरून ओतला. "न्हाऊन घ्या अप्पा," म्हणाली, आणि पुढचं नेहमीचं वाक्य काही तिच्या तोंडून निघेना. मग तिच्या मागून दुसरी आली. मग आमच्या आळीतली एकेक. टँकरचं, बाटलीतलं, पिंपाच्या तळाचं, ज्याच्या घरी जे होतं ते. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. मी बाजूला उभी राहून तांबे बघत होते. शेवंता, लक्ष्मी, रुक्मिन, फातिमा, सुंदर... सगळी अक्षरं अप्पांच्या हातची. माझ्या आईचाही तांब्या त्यात होता. पाणी अंगणातून वाहत रस्त्यापर्यंत गेलं. त्या उन्हाळ्यात आमच्या आळीत पाणी वाहिलेलं ते एकदाच.

पाऊस काही त्या दिवशी आला नाही. मिरगात आला, जसा यायचा तसा.

शेवटची घागर अक्काची. तिनं ती सावकाश ओतली, पार रिकामी होईस्तोवर. खणाचा बेडूक अप्पांच्या मांडीवर ठेवला, त्यांच्या कपाळावरचं पाणी पदरानं टिपायला गेली आणि हात मागं घेतला. "ऱ्हाऊ द्या वलं," म्हणाली. मग वाकून त्यांच्या कानाशी, पण आम्हा सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणाली, "भिजलाव न्हवं आता? जावा मंग. पळत जावा."